मैदानाबाहेरचा माणूस

फुटबॉलच्या खेळात अकरा माणसे खेळतात आणि हार-जितीचा जाब मात्र बाराव्या माणसाला द्यावा लागतो. हा बारावा माणूस चेंडूला पाय लावीत नाही. मैदानाच्या कडेला आखलेल्या रेषेपलीकडे तो उभा असतो. एकदा खेळ सुरू झाला म्हणजे हातवारे करणे, ओरडणे आणि मोजके बदली खेळाडू आत धाडणे, एवढेच त्याच्या हाती उरते. संघ जिंकला तर वर्तमानपत्रे गोल करणाऱ्याचे छायाचित्र छापतात; संघ हरला तर याचे. इंग्लंडात त्याला मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे कोच किंवा प्रशिक्षक म्हणतात, आणि इटलीत खेळाडू त्याला ‘मिस्टर’ या इंग्रजी शब्दाने हाक मारतात. १९१२ साली जेनोआच्या संघाने विल्यम गार्बट नावाचा एक इंग्रज गृहस्थ शिकविण्यासाठी आणला. त्याला खेळाडू ‘मिस्टर’ म्हणू लागले आणि तेव्हापासून तो शब्द तेथे रुजला, असे सांगतात. म्हणजे इटलीत या पदाचे नावच मुळी परदेशी आहे. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

माझी वीसेक वर्षे शासकीय सेवेत गेली. त्यामुळे या बाराव्या माणसाविषयी मला नेहमीच एक प्रकारची जवळीक वाटत आली आहे. हुकूम आपण द्यायचा आणि अंमल दुसऱ्याच्या हातून व्हायचा. यशाचे वाटेकरी पुष्कळ आणि अपयशाचा धनी एकच. शिवाय कार्यभार सोडण्याचा कागद केव्हा हाती पडेल याचा नेम नाही. अशा माणसाच्या कामाचे मोल कशावरून करावे? तो किती वर्षे टिकला यावरून, त्याने किती करंडक मिळविले यावरून, की तो गेल्यावर मागे काय उरले यावरून? या प्रश्नाचे उत्तर एखाद्या जुन्या संघाच्या इतिहासात शोधता येते. त्यासाठी मी मिलान शहरातील ‘इंतेरनात्सिओनाले’ या संघाची निवड केली आहे. जगभर त्याला ‘इंटर’ या सुटसुटीत नावाने ओळखतात.

या संघाचा जन्म एका भांडणातून झाला. मिलानमध्ये १८९९ पासून काही इंग्रज रहिवाशांनी स्थापन केलेला एक संघ होता. परदेशी खेळाडूंना संघात कितपत स्थान द्यावे, यावरून त्याच्या सभासदांत फूट पडली आणि ९ मार्च १९०८ रोजी बाहेर पडलेल्या मंडळींनी एका उपाहारगृहात जमून नवा संघ काढला. कोणत्याही देशाच्या माणसाला येथे मज्जाव असू नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी संघाचे नावच ‘आंतरराष्ट्रीय’ असे ठेवले. जॉर्जो मुज्जानी नावाच्या चित्रकाराने संघाचे चिन्ह रेखाटले आणि काळा व निळा हे दोन रंग ठरले. सुमारे दोन वर्षांनी, १९१० साली, या संघाने इटलीचे विजेतेपद मिळविले. त्या काळी प्रशिक्षक नावाचा वेगळा पगारी मनुष्य नसे. व्हिर्जिलिओ फोसाती हा संघनायकच मधल्या फळीत खेळे आणि तोच इतरांना शिकवी. हा पहिला शिक्षक पहिल्या महायुद्धात आघाडीवर मारला गेला.

यानंतर ज्या माणसाची ओळख करून द्यायची, तो हंगेरीचा. त्याचे नाव आर्पाद व्हाईस. १८९६ साली शोल्त या गावी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो स्वतः चांगला खेळाडू होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी निवडलेल्या हंगेरीच्या संघात त्याचे नाव होते. पुढे तो इटलीत आला, इंटरकडून थोडे दिवस खेळला, दुखापतीमुळे त्याला खेळ सोडावा लागला आणि १९२६ साली, वयाच्या तिशीत, तो त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. त्या काळचे शिक्षक कोट-टोपी घालून, हातात छडी घेऊन कडेला उभे राहत. व्हाईस खेळाडूंसारखी अर्धी विजार घालून त्यांच्याबरोबर मैदानात धावे. खेळाडूने काय खावे, किती झोपावे, याची तो नोंद ठेवी. सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचा अभ्यास करी. आज या गोष्टी सर्वांच्या अंगवळणी पडल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी त्या नवलाच्या होत्या. १९३० साली त्याने एका सहकाऱ्याबरोबर फुटबॉलच्या शास्त्रावर इटालियन भाषेत ग्रंथही लिहिला.

संघाच्या कुमार खेळाडूंत त्याला एक हडकुळा मुलगा दिसला. त्याचे वडील महायुद्धात मरण पावले होते आणि आई मिलानच्या बाजारात फळे विकत असे. व्हाईसने त्याला सतराव्या वर्षी मोठ्यांच्या संघात घेतले. डावा पाय उजव्याइतकाच तयार व्हावा म्हणून भिंतीवर तासन्‌तास चेंडू मारण्याचा पाठ त्याने त्या मुलाकडून गिरवून घेतला, अशी आठवण सांगतात. तो मुलगा म्हणजे ज्युसेप्पे मेआत्सा. १९२९-३० मध्ये इटलीत सर्व संघांची एकच साखळी स्पर्धा प्रथम सुरू झाली, तेव्हा ती व्हाईसच्या संघाने जिंकली आणि मेआत्साने एकतीस गोल केले. व्हाईस त्या वेळी चौतीस वर्षांचा होता. मेआत्सा पुढे १९३४ आणि १९३८ अशा दोन विश्वचषकविजेत्या इटालियन संघांत खेळला.

परंतु १९३० साली जिंकलेल्या संघाचे नाव इंटर नव्हते. फॅसिस्ट राजवटीला ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्दच खपत नव्हता. १९२८ साली संघाचे दुसऱ्या एका संघाशी सक्तीने विलीनीकरण झाले आणि मिलानचे संरक्षक संत अँब्रोज यांच्या नावावरून त्याला ‘अँब्रोजियाना’ हे नाव दिले गेले. जुने नाव पूर्णपणे परत मिळायला १९४५ साल उजाडावे लागले. नाव बदलले तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची चाहूल फार थोड्यांना लागली असेल.

व्हाईस पुढे मिलान सोडून बोलोन्या शहराच्या संघाकडे गेला. तेथे त्याने १९३६ आणि १९३७ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळविली आणि १९३७ साली पॅरिसच्या स्पर्धेत इंग्लंडच्या चेल्सी संघाचा ४-१ असा पराभव घडवून आणला. युरोपात त्याच्या तोडीचे शिक्षक तेव्हा विरळाच होते. मग सप्टेंबर १९३८ मध्ये इटालियन शासनाने एक हुकूम काढला. १ जानेवारी १९१९ नंतर इटलीत वास्तव्याला आलेल्या परदेशी ज्यूंनी सहा महिन्यांच्या आत देश सोडावा, असे त्यात कलम होते. श्रोतेहो, हुकमाची भाषा मला परिचयाची आहे. तारीख, मुदत, वर्ग, अंमलबजावणी करणारा अधिकारी, सारे काही त्यात नेटके असते. अशा नेटक्या भाषेतून केवढा अन्याय सहज वाहून नेता येतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हा हुकूम वाचावा. कुठल्या तरी कार्यालयात एका कारकुनाने व्हाईसच्या आगमनाचे वर्ष तपासले असेल आणि नावापुढे खूण केली असेल. तीन विजेतेपदे मिळविणाऱ्या या माणसाने त्याच शरद ऋतूत बोलोन्याचे काम सोडले, आणि जानेवारी १९३९ मध्ये पत्नी व दोन मुलांसह इटलीही सोडली.

पॅरिसमध्ये काम मिळेना, तेव्हा तो हॉलंडमधील दोर्द्रेख्त या छोट्या शहरात गेला. तेथील हौशी संघाला त्याने घसरणीच्या काठावरून वर काढले. मोठमोठ्या संघांशी बरोबरीने खेळायला शिकविले. १९४० साली जर्मन फौजा आल्या. पुढच्या वर्षी त्याला शिकविण्याची मनाई झाली. आपल्याच खेळाडूंचा सामना पाहणेही त्याला बंद झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये सर्व कुटुंबाला अटक झाली. ऑक्टोबरमध्ये त्याची पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी यांना ऑश्विट्झच्या छळछावणीत नेऊन ठार मारण्यात आले. व्हाईसच्या अंगात अजून काबाडकष्टांचे बळ होते, म्हणून त्याला प्रथम मजुरीच्या छावणीत ठेवले. ३१ जानेवारी १९४४ रोजी तोही ऑश्विट्झमध्ये मरण पावला. पुढे साठ वर्षांहून अधिक काळ इटलीत त्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही.

माणूस पुसला गेला. त्याने लावलेली शिस्त आणि घडविलेली माणसे मात्र राहिली. ज्या १९३८ साली तो हुकूम निघाला, त्याच वर्षी मिलानच्या संघाने पुन्हा विजेतेपद मिळविले. त्या संघाचा प्रशिक्षक होता आर्मांदो कास्तेलात्सी. तो १९३० च्या संघात व्हाईसच्या हाताखाली खेळलेला होता. मेआत्सानेही पुढे इंटरचे प्रशिक्षकपद सांभाळले आणि संघाच्या मुलांना शिकविले. त्या मुलांत सांद्रो मात्सोला होता. तोरीनोचा संपूर्ण संघ १९४९ साली सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून नष्ट झाला, त्यात गेलेल्या व्हालेंतिनो मात्सोला या थोर संघनायकाचा हा मुलगा. व्हाईसने मेआत्साला घडविले, मेआत्साने मात्सोलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि मात्सोलाने इंटरच्या सर्वांत वैभवशाली काळात संघाला युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले. गुरुशिष्यपरंपरा हा शब्द आपण संगीतात वापरतो. तो येथे वापरल्यास वावगे होणार नाही.

त्या वैभवशाली काळाची नांदी आल्फ्रेदो फोनी याने केली. १९३८ च्या विश्वविजेत्या इटालियन संघात तो बचावपटू होता, आणि प्रशिक्षक झाल्यावर त्याने बचावपटूच्या नजरेनेच संघ बांधला. बचावफळीच्या मागे आणखी एक मोकळा खेळाडू ठेवायचा आणि उजव्या बगलेच्या आक्रमकालाही मागे धावायला लावायचे, अशी त्याची रचना होती. प्रेक्षक कुरकुरले, वर्तमानपत्रांनी हा खेळ नीरस ठरविला, पण १९५३ आणि १९५४ अशी दोन विजेतेपदे आली. या पद्धतीला इटालियन भाषेत ‘कातेनाच्चो’ म्हणतात. आपल्या भाषेत त्याचा अर्थ दाराचा अडसर.

या अडसराला जगभर कीर्ती दिली ती हेलेनिओ हेरेरा याने. अर्जेंटिनातील स्पॅनिश आईबापांच्या पोटी जन्मलेला, मोरोक्कोतील कासाब्लांकात वाढलेला, फ्रान्समध्ये खेळलेला आणि स्पेनमध्ये नावारूपाला आलेला हा गृहस्थ ‘आंतरराष्ट्रीय’ या नावाला साजेसाच होता. तेलशुद्धीकरणाच्या धंद्यात श्रीमंत झालेले संघाचे अध्यक्ष आंजेलो मोरात्ती यांनी १९६० साली त्याला मिलानला आणले. खेळाडूंच्या खोलीच्या भिंतींवर तो बोधवाक्ये चिकटवी आणि ती मोठ्याने म्हणवून घेई. सामन्याआधी सर्वांना कुटुंबापासून दूर एकांतात ठेवी. आहार, विश्रांती, विचार, सर्वांवर त्याचा पहारा असे. पिक्की मागे अडसर होऊन उभा असे, स्पेनहून आणलेला सुआरेस मधून लांब पल्ल्याचे चेंडू देई, आणि फाक्केत्ती हा उंचापुरा बचावपटू डाव्या बगलेवरून थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलापर्यंत धावत जाई. अडसर घालूनही दार वेळेवर उघडता आले पाहिजे, हे हेरेराचे खरे मर्म होते. १९६३, १९६५ आणि १९६६ साली इटलीचे विजेतेपद, १९६४ साली व्हिएन्नात रेआल माद्रिदला आणि १९६५ साली मिलानमध्येच बेन्फिकाला हरवून युरोपचे अजिंक्यपद, आणि त्याच दोन्ही वर्षी दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांवर मात, असा त्याच्या आठ वर्षांचा हिशेब आहे. व्हिएन्नातील तीन गोलांपैकी दोन सांद्रो मात्सोलाचे होते.

पण प्रत्येक पद्धत स्वतःच्याच ओझ्याने एक दिवस वाकते. २५ मे १९६७ रोजी लिस्बनला स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाने आक्रमणामागून आक्रमण करून हा अडसर मोडला. इंटरने पहिला गोल केला होता. निकाल २-१ असा उलटा लागला. पुढच्याच आठवड्यात, १ जून रोजी, मांतोव्हासारख्या लहान संघाविरुद्ध एका गोलाने हरून देशाचे विजेतेपदही हातचे गेले. खेळाडू थकले होते, एकांताला आणि पहाऱ्याला विटले होते. माणसाला ताणता येते, पण त्याला सतत ताणलेला ठेवता येत नाही. ही गोष्ट कारखान्यात, कार्यालयात आणि घरातही तितकीच खरी आहे. हेरेरा १९६८ साली गेला.

त्यानंतरचा एक प्रसंग मला फार उद्बोधक वाटतो. १९७०-७१ चा हंगाम सुरू झाला आणि संघ अडखळला. प्रशिक्षकाला दूर करून जोव्हान्नी इनव्हेर्नित्सी यांना नेमण्यात आले. ते संघाच्या मुलांना शिकवीत होते. पूर्वी स्वतः इंटरकडून खेळलेले होते. कोणताही गाजावाजा न करता त्यांनी मात्सोला, फाक्केत्ती इत्यादी जुन्या खेळाडूंना विश्वासात घेतले, आणि पिछाडीवरून पुढे येऊन त्याच हंगामात विजेतेपद मिळविले. बाहेरून आणलेला जादूगार जे करू शकतो, ते कधी कधी घरातला अबोल माणूसही करतो. फक्त तो घरात आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

मध्यंतरी नशिबाने या संघाच्या नावाची थट्टाही केली. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हार पत्करल्यावर इटलीने परदेशी खेळाडूंना आपली दारे बंद केली, ती १९८० साली उघडली. त्यामुळे १९८० चे विजेतेपद एउजेनिओ बेर्सेल्लिनी या कडक शिस्तीच्या प्रशिक्षकाने मिळविले, तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय’ नावाच्या संघातील झाडून सारे खेळाडू इटालियन होते. १९८९ साली जोव्हान्नी त्रापात्तोनी यांनी विजेतेपद आणले, तेव्हा दारे उघडी होती, आणि माथेउस व ब्रेमे हे दोन जर्मन त्या संघाचे आधारस्तंभ होते. एका विजयाला दोन गुण या हिशेबाने ३४ सामन्यांत ५८ गुण त्यांनी मिळविले.

१९९५ साली आंजेलो मोरात्तींचे पुत्र मास्सिमो यांनी संघाची सूत्रे घेतली. वडिलांच्या काळचे वैभव परत आणण्याची त्यांना घाई होती, आणि घाईचा बळी नेहमी प्रशिक्षक असतो. जिजी सिमोनी हा सौम्य, सरळ स्वभावाचा माणूस. त्याने १९९८ साली पॅरिसला लात्सिओवर ३-० असा विजय मिळवून युरोपातील एक मानाचा करंडक आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, रेआल माद्रिदला हरविल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, त्याला काढून टाकण्यात आले. त्या एका हंगामात इंटरला चार प्रशिक्षक झाले आणि संघ आठव्या क्रमांकावर आला. आठ-आठ महिन्यांनी बदलणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जिल्ह्यात काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

धीर धरला तेव्हा फळ आले. रोबेर्तो मांचीनी यांना २००४ पासून चार वर्षे मिळाली आणि पाया पक्का झाला. त्यावर २००८ साली आलेल्या जोझे मोरिन्यो या पोर्तुगीज प्रशिक्षकाने कळस चढविला. २०१० च्या मे महिन्यात अठरा दिवसांत देशाचा चषक, देशाचे विजेतेपद आणि युरोपचे अजिंक्यपद या संघाने मिळविले. इटलीत हे पूर्वी कोणालाच साधले नव्हते. २२ मे रोजी माद्रिदला अंतिम सामन्यासाठी उतरलेल्या अकरा जणांत एकही इटालियन नव्हता. १९०८ साली भांडून बाहेर पडलेल्या मंडळींचे म्हणणे जणू एकशेदोन वर्षांनी मैदानावर मांडले गेले. त्या रात्री मोरिन्यो संघाबरोबर मिलानला परतलाच नाही. माद्रिदच्याच संघाचे बोलावणे त्याने स्वीकारले होते. मैदानाबाहेर मातेरात्सी या आपल्या खेळाडूच्या गळ्यात पडून तो रडला आणि मोटारीत बसून निघून गेला. शिखरावरूनच निघून जाण्याचे भाग्य या व्यवसायात फार थोड्यांना लाभते.

पुढे आंतोनिओ कोंते यांनी २०२१ चे विजेतेपद मिळविले आणि काही आठवड्यांतच ते गेले. सिमोने इंझागी यांनी २०२४ साली विसावे विजेतेपद आणले. २०२३ आणि २०२५ असे दोनदा संघाला युरोपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, पण दोन्ही वेळा पदरी पराभव आला, आणि दुसऱ्या पराभवानंतर त्यांनीही पद सोडले. २०२५ साली त्यांच्या जागी नेमणूक झाली ती रुमानियाच्या क्रिस्तियान किव्हू यांची. २०१० च्या माद्रिदच्या त्या अकरांत ते होते, आणि नंतर कित्येक वर्षे संघाच्या मुलांना शिकवीत होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कास्तेलात्सी, मेआत्सा, इनव्हेर्नित्सी, किव्हू ही नावे एका ओळीत ठेवून पाहिली म्हणजे त्याचे उत्तर मिळते. करंडक कपाटात राहतात आणि कारकीर्दीच्या तारखा कागदावर. प्रशिक्षकाचे काम पुढे चालते ते त्याने शिकविलेला माणूस दुसऱ्याला शिकवू लागतो तेव्हा. मात्र या उत्तरात एक उणीव आहे. काम चालत राहिले म्हणजे ते करणाऱ्याचे ऋण फिटले, असे नव्हे. मिलानच्या सान सिरो भागातील भव्य क्रीडागाराला १९८० साली ज्युसेप्पे मेआत्साचे नाव देण्यात आले, आणि ते योग्यच झाले. पण त्या मेआत्साला भिंतीवर चेंडू मारायला लावणाऱ्या शिक्षकाच्या स्मृतीची पाटी तेथे लागायला २०१२ साल उजाडले. शिष्याच्या नावाखाली हजारो माणसे बत्तीस वर्षे येत-जात होती, आणि गुरूचे नाव कोठेही नव्हते.

जी संस्था सर्वांसाठी दार उघडे ठेवण्याच्या प्रतिज्ञेने जन्मली, तिचा सर्वांत गुणी शिक्षक परका ठरवून देशाबाहेर काढला गेला. तेव्हा कोणी हरकत घेतली असती तर हुकूम फिरला असता, असे मी म्हणत नाही. परंतु संस्था चालविणाऱ्यांनी आणि हुकमांवर सही करणाऱ्यांनी या माणसाची आठवण ठेवावी. नेमणूक करताना आपण माणसाकडून काय अपेक्षितो, हे आपल्या कागदपत्रांत सविस्तर लिहिलेले असते. तो संकटात सापडला तर आपण त्याचे काय देणे लागतो, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. ते ज्याने त्याने स्वतः लिहून ठेवावे लागते.